साहेब माझ्यामागे चालतो

४ मार्च
ऑफिसने लीडरशिप कोर्सला पाठवलं. घोड्यांबरोबर! एचआरच्या बाई म्हणाल्या, तुमच्या टीमनेच तुमचं नाव सुचवलं, एकमताने. ऊर भरून आला.
घोड्यावर बसायचं नाही. दोर न लावता तो आपल्यामागे चालला पाहिजे, चालला तर तुम्ही लीडर. शेवटच्या दिवशी घरच्यांसमोर प्रात्यक्षिक. चिऊला (वय आठ, भित्री, आईवर गेलीय) सांगून टाकलं, तुझा बाबा काय चीज आहे ते बघच.

५ मार्च
माझ्या वाट्याला आलेला घोडा काळा, धिप्पाड. तबेल्यात त्याला साहेब म्हणतात. दिवसभर माझ्याकडे पाठ करून उभा. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, त्याचा विश्वास बसू द्या, घाई नको. अकाउंट्सवाला मात्र पहिल्याच फेरीत घोडा मागे घेऊन फिरला. नशीब एकेकाचं.

६ मार्च
खिशात गाजर. हाताने खायला घालायला मॅडमची सक्त मनाई. घोडा खिशाला सोकावतो आणि मग माणसाला जुमानत नाही म्हणे. ते सामान्यांसाठी. गाजर म्हणजे इन्सेंटिव्ह, साधं मॅनेजमेंट आहे. साहेब रिंगणभर माझ्यामागे! मॅडम थक्क.
संकल्प : उद्यापासून गाजर बंद.

७ मार्च
गाजर चालू. साहेब आता वाट बघत नाही, सरळ खिशात तोंड घालतो. ढकलतोही. यालाच बॉन्डिंग म्हणतात.

९ मार्च
गाजर विसरलो. साहेबाने दंडाला चावा घेतला. शर्ट फाटला, दंड काळानिळा. चावताना कान अगदी सपाट मागे पाडले होते. बहुधा मागचं ऐकत असावा.
नंतर अकाउंट्सवाल्यालाही ढुशी देऊन त्याचे खिसे हुंगले. मॅडमनी विचारलं, तुम्ही याला काही खायला घालता का? छे, म्हणालो. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. छाप पडलेली दिसते.

१० मार्च
बायकोने दंड पाहिला. दार लागलं म्हणालो.
नवी कल्पना : खरा लीडर लीडर घडवतो. उद्या प्रात्यक्षिकाला चिऊ साहेबाला फिरवेल, भीती कायमची जाईल. बायको म्हणाली, तिला आत न्यायचं नाही, सांगून ठेवते. हिला व्हिजनच नाही. चिऊने एवढंच विचारलं, की बाबा, तू असशील ना आत? म्हणजे काय, असणारच.

११ मार्च, सकाळ
चिऊ म्हणते ताप आलाय. थर्मामीटर तसं म्हणत नाही.
खिसे मुद्दाम रिकामे ठेवलेत. आज फक्त नात्यावर भरवसा.

११ मार्च, रात्र
चिऊच्या मनगटाला प्लास्टर आहे.
साहेब सकाळपासून खूर आपटत होता. उत्साह, असं मला वाटलं. बायको गाडी लावायला गेली होती, मॅडम दुसऱ्या घोड्यापाशी होत्या. तेवढ्यात मी चिऊला रिंगणात नेलं आणि फाटकाची कडी लावली.
साहेबाने माझे खिसे हुंगले. काही नाही. मग तिच्याकडे वळला. तिच्या फ्रॉकला खिसेच नव्हते. त्याने तिला डोक्याने ढकललं. ती हातावर पडली. तरी तो हुंगतच होता, पुन्हा पुन्हा ढुशा देत होता, आणि त्याचा खूर तिच्या केसांवर होता. ती ओरडली नाही. मला शोधत होती.
यापुढचं मला आठवतं ते कुंपणाबाहेरून. कधी चढलो, कसा उतरलो, माहीत नाही. मॅडम आत धावल्या, साहेबाला छातीवर हात मारून मागे रेटलं आणि चिऊला उचलून आणलं.
बायको धावत आली. काय झालं, तिला आत कोणी नेलं, विचारत होती. मॅडम सांगणार, तेवढ्यात चिऊच म्हणाली, मीच हट्ट केला. मी पडले आणि बाबाने मला ओढून बाहेर काढलं.
मॅडम माझ्याकडे बघत होत्या. चिऊही बघत होती. हो म्हण, अशी तिने हळूच मान हलवली.
मी हो म्हणालो. बायको माझा हात घट्ट धरून रडायला लागली.