लाल दोऱ्याची नळी

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळभर यांची वाफेवर चालणारी छोटी बोट. गणपतीत झटका आला तेव्हापासून यांचा उजवा हात मांडीवर पडून असतो आणि त्याच्या जागी मी आहे. हे सांगतातही सगळ्यांना, "ही माझा उजवा हात." ऐकणाऱ्यांना कौतुक वाटतं. हाताला मत नसतं, हे त्यांच्या लक्षात येत नाही.
आज रिव्हर्सचा व्हॉल्व्ह बसवला. सुपारीएवढा पितळी तुकडा. त्यातून इंजिनाकडे दोन तांब्याच्या नळ्या जातात, दिसायला जुळ्या. एकीतून वाफ गेली की बोट पुढे, दुसरीतून गेली की मागे. "पाना धरलायस की उलथनं?" हे दोनदा. मी पाना फिरवत राहिले. वाचा शाबूत राहिली हे नशीब, असं डॉक्टर म्हणाले होते. कुणाचं ते बोलले नाहीत.

५ नोव्हें. बुध.
न्हाणीघरात टबात चाचणी. खडकीहून साठे आले होते. बोटींच्या नादातले यांचे जुने जोडीदार, भला माणूस. बॉयलरखाली स्पिरिटचा दिवा लावला, वाफ धरली, यांनी डाव्या हाताने रिमोटची दांडी पुढे केली आणि बोट सरळ मागे जाऊन टबावर आपटली. मी नळ्यांची अदलाबदल केली होती. चूक माझी. पण साठ्यांसमोर म्हणाले, "जन्मभर बँकेत नोटा मोजल्या हिनं. दोन नळ्यांपाशी अडली." साठे चष्मा पुसत बसले.
नळ्या निवल्यावर यांनी देवघरातला लाल दोरा मागवला. बोट पुढे नेणारी नळी व्हॉल्व्हच्या डाव्या तोंडाशी, तिला स्वतः बांधला. एका हाताने आणि दातांनी. मदतीला गेले तर हात झटकला. गाठ कसली, थुंकीचा गोळा. "आता आंधळ्यालाही कळेल," म्हणाले.

७ नोव्हें.
मुक्ताचा फोन. वाघोलीला लेकीच्याच इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट भाड्याने मिळतोय. इथे कसब्यात आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, यांना खाली न्यायचं तर शेजारच्या दोघांना हाक मारायची आणि वर त्यांचे आभार मानायचे. मला जायचंय. इथे लिहिते, कारण मोठ्याने म्हटलं की उत्तर येतं.
म्हटलंच शेवटी. उत्तर आलं.
"माझी बोट मला चालवता येते तोवर मी इथून हलणार नाही. तुला जायचं तर जा. दार कुणी अडवलंय?"
मधली खोली म्हणजे यांचं वर्कशॉप. लग्न झाल्यापासून त्या खोलीत मला एक कपाट ठेवता आलेलं नाही.
चालवता येते तोवर. बरं.

८ नोव्हें. शनि.
उद्या मुक्ताच्या सोसायटीतल्या तळ्यात बोट सोडायची आहे.
हॉस्पिटलात डॉक्टरांनी डावा कान धरा म्हटलं तेव्हा यांनी उजवा धरला होता. मुक्ताने पाहिलं, मी पाहिलं. त्यावर घरात अवाक्षर नाही. पण हे अधूनमधून आरशासमोर कान धरून बघतात, ते मला माहीत आहे.
दुपारी हे झोपल्यावर पाना घेतला. व्हॉल्व्हकडची दोन्ही टोकं सोडली, अदलाबदल करून पुन्हा आवळली. लाल दोरा सोडवून आता डाव्या तोंडाशी आलेल्या नळीला बांधला. बँकेत पुडक्याला घालायची तशी चापून गाठ. बोटीचं झाकण उघडून बघितलं तर दोरा डावीकडेच. त्याच्या पलीकडचं बघायला वाकावं लागतं आणि यांना वाकता येत नाही.
संध्याकाळी थालीपीठ केलं.

९ नोव्हें. रवि.
तळ्याकाठी सोसायटीची बरीच मंडळी, सगळ्यांच्या हातात मोबाइल. यांनी दांडी पुढे केली, बोट मागे येऊन काठाच्या दगडावर आदळली. दांडी मागे घेतली, बोट कारंज्याच्या दिशेने सुसाट. सुकाणू उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. बोट मागे जात असली की सुकाणू धड लागतही नाही, हे मला शिकवलं यांनीच. विसरले असावेत.
साठे हळूच म्हणाले, "बोट आपल्याकडे तोंड करून आली की डावंउजवं उलटं होतं. नव्या माणसाला होतंच असं." नव्या माणसाला! हे तिसाव्या वर्षापासून बोटी बांधतायत. त्यांच्याही लक्षात आलं, कान लाल झाले बिचाऱ्यांचे.
"दोरा बघा," हे म्हणाले. साठ्यांनी झाकण उघडलं. दोरा डावीकडे. साठ्यांनी रिमोट मागितला नाही. यांच्या रिमोटला कुणी हात लावायचा नाही, हा यांचाच नियम.
मुक्ता माझ्या कानात, "आई, बाबांना परत कन्फ्यूज होतंय का गं?" मी नुसती मान डोलावली.
घरी आल्यावर हे आडवे झाले. नळ्या पूर्ववत केल्या. दोराही.

१० नोव्हें.
साठ्यांना मीच बोलावलं, म्हटलं टबात एकदा बघून जा. आज यांनी रिमोट आपणहून त्यांच्या हातात दिला. पुढे म्हटलं की पुढे, मागे म्हटलं की मागे. साठे खूश झाले आणि लगेच ओशाळले.
हे टबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मीच."
मी म्हटलं, अहो, वयानं होतं असं.
वाईट वाटलं. फार नाही.

१४ नोव्हें.
वाघोलीचं ठरलं. पुढच्या महिन्यात. यांनी मुक्ताला स्वतः फोन केला. लेथ आणि हत्यारं साठ्यांना द्यायची. मधल्या खोलीच्या दारात उभी राहिले. कपाट कुठे बसलं असतं ते बघून घेतलं, आता उपयोग नाही तरी.

१९ नोव्हें.
दुपारभर हे बोट मांडीवर घेऊन बसले होते, दार लोटून. निरोप घेत असतील म्हणून मध्ये गेले नाही. चहा नेला तर "थँक्यू" म्हणाले. लग्नानंतर प्रथमच.

२२ नोव्हें. शनि.
चहात मीठ पडलं. माझ्या हातून. डबे नेहमीच्या जागी, नेहमीचेच, आणि आत उलटं. मीच भरले असणार. साठे आले होते, एक घोट घेऊन कप खाली ठेवला. हे नुसते हसले. टोमणा नाही, काही नाही.
काल गॅसची शेगडी बारीक चालू राहिली होती, ते यांनीच दाखवलं. मी बंद केल्याचं मला आठवतंय.

२५ नोव्हें.
मुक्ताचा फोन. फार गोड आवाजात. "आई, बाबा म्हणत होते तुझं हल्ली जरा विसरायला होतं. मी एक अपॉइंटमेंट घेतलीये, जस्ट चेकअप. तू टेन्शन नको घेऊस." आणि म्हणे बाबा वाघोलीला यायला तयार झाले ते तुझ्यासाठीच, किती करतात तुझं.
फोन ठेवल्यावर आरशासमोर गेले. डावा कान धरला. डावाच होता.

२८ नोव्हें.
बोट पेटीत ठेवायला यांना मदत हवी होती. झाकण लावताना आतला लाल दोरा दिसला.
गाठ माझी नाही.
थुंकीचा गोळा. टोकं चावलेली.
मी घातलेली पुडक्याची गाठ यांना दिसली असणार. या घरात तशी गाठ दुसरं कोण घालणार? एवढं साधं मला सुचू नये.
पेटीला यांनी कुलूप घातलं. किल्ली जानव्याला. पाना यांच्या उशाखाली आहे, चादर बदलताना हाताला लागला.

२९ नोव्हें. शनि.
उद्या पुन्हा तळ्यावर. मुक्ताने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय की बाबांची बोट उद्या आई चालवणार. कल्पना बाबांची. ती सांगताना तिला भरून आलं.
नळ्या कशा बसवल्यात ते पेटी उघडल्याशिवाय कळणार नाही. उघडली तरी पाना फिरवायला तळ्याकाठी कोण देणार? दोरा डावीकडे दिसेल, एवढं मात्र नक्की. मुक्ताला सांगावं तर मिठाचं सांगताना नळ्यांचंही सांगावं लागेल. आणि सोमवारी डॉक्टर. तिथेही मी हेच सांगणार का, की माझा नवरा डब्यातलं मीठ बदलतो?
सकाळी चहा स्वतः चाखून दिला. यांनी कप डाव्या हातात धरला, सावकाश प्यायले.
"घाबरू नकोस," म्हणाले. "दांडी पुढे केली की बोट पुढेच जाते. नाही गेली तर मी आहेच ना शेजारी. सांगेन सगळ्यांना, वयानं होतं असं."
मग रिमोट माझ्या हातात दिला. सवय व्हावी म्हणून. तेव्हापासून माझ्याकडेच आहे.