मामांच्या दोन थापा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. नुसता लिहायचा म्हणून नव्हे. माल बांधलेली साखळी तपासायला ट्रकखाली पालथा पडलोय आणि तिथूनच लिहितोय. तब्येतीचं मामी फोनवर सांगतेच. अर्धांगवायूने तुमची जीभ धरली, पाय धरले, उजवा हात तेवढा सोडला, आणि त्याच हाताबद्दल ही तक्रार आहे. (मामी, पत्र तूच वाचून दाखवणार. कंसातलं मनातल्या मनात वाच.)

गाडीच्या डाव्या फळीवर एक थाप म्हणजे 'जाऊ दे', दोन म्हणजे 'थांब', हे तुम्हीच माझ्या डोक्यात भरवलंत. (हाताची थाप. मी मारतो त्या वेगळ्या.) गेल्या महिन्यात सोळा टन लोखंडी पाइप घेऊन निघालो होतो. घाई होती, म्हणून मागची साखळी एकदाच आवळली. (ओरडतील, माहीत आहे.) भर दुपारी तीनला, गाडीत मी एकटा, आणि डावीकडून थाड थाड! पाय आपोआप ब्रेकवर गेला. उतरून बघतो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. साखळी जमिनीला घासत होती आणि वरचे दोन पाइप सरकत सरकत केबिनला येऊन टेकले होते. पुढे उतार होता, तिथे ते काच फोडून माझ्या भेटीला आले असते. फळीवरच्या धुळीत हाताचा ताजा ठसा होता, मधलं बोट निम्मं. तुमचं बोट ट्रकच्या मागच्या फाळक्यात सापडलं तेव्हा चिंधी मीच बांधली होती, मामा. साखळी आवळली आणि बाहीने ठसा पुसून टाकला.

भास म्हणून सोडून दिलं. पण आठ दिवसांनी कारखान्यात गाडी मागे घेत होतो. चौकीदार फोनवर गप्पा मारत 'येऊ द्या, येऊ द्या' करत होता. पुन्हा थाड थाड! मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर वजनकाट्याचा कारकून वाकून चपलेचा तुटलेला अंगठा जोडत होता. वर मलाच शिव्या दिल्या, हॉर्न का नाही वाजवला म्हणून. त्या बिचाऱ्याला काय सांगणार?

मामीला फोन केला तर ती म्हणते, हे दुपारी मधूनच खाटेच्या दांड्यावर दोन थापा मारतात, दांड्याचा पार रंग उडालाय. तिला वाटतं पाणी हवंय. ती धावत पाणी आणते, तुम्ही डोळे वटारता. दोन्ही दिवसांच्या वेळा मिनिटाला मिनिट जुळल्या. अंगावर काटाही आला आणि हसूही.

तेव्हा मामा, हात जोडतो, हे बंद करा. मी सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झालोय, माझी गाडी मला भरता येते. तो ठसा पुसला तरी दुसऱ्या दिवशी असतो. हमाल डाव्या बाजूला जायलाच तयार नाहीत. परवा सगळा माल उजवीकडे रचून मोकळे झाले, गाडी एका अंगाला कलली, सगळं उतरवून पुन्हा भरावं लागलं. अशाने तुमच्यामुळेच एखाद दिवशी उलटेन.

तुमचा भाचा,
ढब्बू

ता. क. आत्ताच मामीचा फोन येऊन गेला. परवापासून तुमचा हात हललेला नाही म्हणे.

ता. क. गाडी भरून तीन तास झाले. साखळ्या चारदा आवळल्या, चाकाखालचे ठोकळे काढले, पुन्हा लावले. आज फळीवर ठसा नाही. नुसती धूळ आहे. फाटकाबाहेर पडायचा धीर होत नाही. मला भीती वाटते, मामा. वरची तक्रार खोडली समजा.

ता. क. टपालाची वाट बघवत नाही, पत्राचा फोटो काढून मामीच्या फोनवर पाठवतोय. (मामी, त्यांचा हात दांड्यावर ठेव आणि हे मोठ्याने वाच.) मामा, एक थाप मारू नका. 'जाऊ दे' म्हणायची काही घाई नाही. दोन मारा. मी इथे थांबलोय, तुम्हीही थांबा.