आईच्या रकान्यातल्या दोघी

३ मार्च

काकांचा हुकूम — आणि रजा मात्र माझी! इस्पितळात बायकांसाठी नवा वॉर्ड झालाय, त्याला आबांचं नाव लागणार. पुस्तिका छापायची, त्यात वंशवृक्ष हवा. म्हणून मी नोंदणी कार्यालयात. आबा म्हणजे माझे आजोबा, त्याच इस्पितळाचे मोठे डॉक्टर. त्यांचं कौतुक ऐकून ऐकून कान किटले.

जुने कागद तळघरात. भिंतींना ओल, कुबट वास, पानांवर झुरळांची घाण. मी रोज दुधातली भेसळ तपासते, नासक्या वासांची सवय आहे, तरी नाकाला रुमाल लावला. तिथला कारकून दात कोरत म्हणाला, "मेलेली माणसं पळून जातात होय? उद्या या." त्याच काडीने त्याने मग पान उलटलं. शी!

बाबांचं वेगळंच. समारंभात दोन शब्द बोला म्हणून काका मागे लागलेत, तर साफ नकार. आणि मी निघताना हळूच, "माझी आई डावखुरी होती का, तेवढं बघशील?" अहो बाबा, जन्माच्या नोंदीत हात लिहितात का! आजी उजव्या हाताने धपाटे घालायची, माझ्या पाठीला अजून आठवतंय. पण बाबांचं हे जुनं खूळ. काका चारचौघांत टर उडवतात — "झालं दादाचं डावं पुराण सुरू!"

४ मार्च

गेले. कारकून रजेवर.

७ मार्च

दोन्ही जन्मनोंदी मिळाल्या. बाबांच्या जन्माच्या वेळी आईचं वय सव्वीस. चार वर्षांनी काका झाले तेव्हा — एकोणीस! नाव तेच. "लिहिणारा पेंगत असेल," कारकून म्हणाला. असेलही. पण दुधात पाणी पडलं की मला लांबून कळतं. लग्नाच्या नोंदी काढायला लावल्या.

९ मार्च

आबांची दोन लग्नं! दुसऱ्या नोंदीत त्यांच्याच अक्षरात, 'पहिली पत्नी मृत'. आणि या नव्या बायकोचं लग्नानंतरचं नाव? पहिलीचंच! डबा तोच, माल नवा. म्हणजे धपाटेवाली आजी फक्त काकांची आई. बाबांना जन्म देणारी वेगळीच कुणी. आणि तिच्या मृत्यूची नोंद कुठेच नाही. आम्हाला आयुष्यभर एकच आजी दाखवली, आणि आम्ही निमूट पाया पडलो. किळस येते.

१० मार्च

काकांना सांगितलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "जुनी घाण कशाला उपसतेस? आजी एकच छापायची. आबांच्या नावाला बट्टा लागता कामा नये." माहीत होतं यांना! वर मलाच विचारतात, "दादाला नाही ना बोललीस?" मी समोर वाढलेलं ताट तसंच ठेवून उठले.

१४ मार्च

कारकुनालाच सुचलं. "डॉक्टरची बायको ना? मग इस्पितळाचे जुने कागदही बघून टाका." तिथल्या वेड्यांच्या विभागाचे गठ्ठे याच तळघराच्या कोपऱ्यात भिजत पडले होते.

सापडली. दुसऱ्या लग्नाच्या महिनाभर आधी दाखल. नावाच्या जागी 'पतीच्या इच्छेवरून नाव लिहिलेले नाही'. दाखल करणारा पती आणि वेडी ठरवणारा डॉक्टर एकच — आबा! सहीखाली तीच ऐटबाज रेघ, घरातल्या फोटोवर आहे ती. तिचा आजार काय, तर 'रडते. मूल मागते.' आणि खाली शेरा, पुन्हा आबांचाच:

'रात्रभर उशी थोपटते. डाव्या हाताने. हात बांधून ठेवावा.'

माझा जन्म झाला त्या वर्षी वारली. तोवर तिथेच होती — आमच्या घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर! प्रेत न्यायला कुणी आलं नाही. ज्या इस्पितळात हिला बांधून ठेवलं, तिथल्याच बायकांच्या वॉर्डाला आता यांचं नाव! घरी येऊन साबणाने हात घासले. वास जात नाही.

१५ मार्च

बाबा समोर बसून पेपर वाचत होते. सांगायचं सोडून मी चहा टाकायला उठले. काकांचा फोन — पुस्तिका छापायला गेली.

१६ मार्च

सांगितलं. उशीपर्यंत सगळं. वाटलं, बाबा कोसळतील. ते म्हणाले, "थोपटायची. हो." मग, "सहा वर्षांचा होतो. आबांना विचारलं, माझी डावखुरी आई कुठेय? म्हणाले, पुन्हा विचारलंस तर तुलाही तिच्याशेजारी नेऊन बांधीन."

म्हणजे ती जिवंत आहे, हे बाबांना तेव्हापासून ठाऊक होतं! आणि आम्ही त्यांच्या खुळाला हसत होतो.

आत्ता दारात येऊन म्हणाले, "धाकट्याला कळव. समारंभात मी बोलणार आहे."