तू मला बाई म्हणालीस तो गुरुवार

आई, तू आमच्या शाळेत पहिल्यांदा आलीस त्या गुरुवारबद्दल आपण कधीच बोललो नाही. तेव्हा मी शहापूरला मूकबधिर आणि अंध मुलींच्या शाळेत शिकवत होते, तिथेच खोली घेऊन राहायचे आणि रविवारी किन्हवलीला तुमच्याकडे यायचे. उतारवयात ज्यांचे कान किंवा डोळे गेलेत, अशांसाठी शाळेने गुरुवारची दुपार ठेवली होती. मुलींनी त्यांना खुणा शिकवायच्या, काठीने चालायला शिकवायचं, आणि त्यांनी मुलींना हातची कामं शिकवायची. गावोगाव सांगत फिरायचं काम माझ्याकडे होतं. "म्हाताऱ्या माणसांना कोपऱ्यात बसवू नका, आमच्याकडे पाठवा," असं मी पार डोळखांबच्या पाड्यांपर्यंत सांगून आले. आणि तुझे कान जाऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी तुला मी एकही खूण शिकवली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान! घरी आले की मी तुझ्यावर ओरडायचे, आणि तू म्हणायचीस, "वरडू नको गो. तोंड नीट हलव निस्तं, मला कळतं."

शेजारणीने सांगितलं म्हणून तू एकटीच एसटीने आलीस, काखेत घरचं सूप घेऊन. हेडबाईंनी मला विचारलं, "या कोण?" आदल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. माझीच आई इतकी वर्षं घरात बसून आहे, हे कोणत्या तोंडाने सांगणार? मी म्हणाले, "आमच्या गावच्या आहेत." तू माझ्या तोंडाकडेच बघत होतीस. मग तू व्हरांड्यात बसलीस, एका अंध मुलीचे हात आपल्या हातांखाली सुपावर धरलेस आणि तांदूळ पाखडायला लागलीस. कोंडा तोंडावर उडाला तशी ती मुलगी हसली. निघताना तू चपला घातल्यास, माझ्यासमोर उभी राहिलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "येते बाई."

त्या रविवारी मी मुद्दाम उशिराच्या एसटीने घरी आले. तू नेहमीसारखी गरम भाकरी ताटात टाकलीस. मग म्हणालीस, "मी परत आले तं चालंल ना? पोरींना सूप धरता येत नाय अजून." आई, तू मला चार शिव्या घालायला हव्या होत्यास. मी नुसती मान डोलावली आणि जेवले.

पुढे दोन वर्षं तू दर गुरुवारी यायचीस आणि चुकूनही कधी मला नावाने हाक मारली नाहीस. मूकबधिर मुली तुला खुणा शिकवायच्या. नाकाच्या बाजूला, चमकी असते तिथे, बोट टेकवलं की आई. त्या तुला त्याच खुणेने बोलवायला लागल्या. तू त्यांच्याकडून ती नीट शिकून घेतलीस, स्वतःच्या चमकीला बोट लावलंस आणि माझ्याकडे पाहिलंस. मी हजेरीपुस्तक उघडलं. ती खूण मी कितीतरी मुलींना शिकवली आहे. तुझ्यासाठी माझा हात उचलला गेला नाही, तू शेवटची आजारी पडलीस तेव्हाही नाही.

आता माझाही उजवा कान गेला आहे. गेल्या गुरुवारी मी त्याच शाळेत, त्याच व्हरांड्यात, शिकायला आलेल्यांच्या रांगेत बसले होते. तुझ्या हाताखाली पाखडायला शिकलेली ती अंध मुलगी आता तिथेच शिकवते. माझा आवाज तिने ओळखला. डाव्या कानाशी वाकून म्हणाली, "बाई, तुमच्या गावच्या त्या सूपवाल्या आजी आठवतात? त्यांना घरचं कोणी नव्हतं का हो? कधी कोणी सोडायला आलं नाही." खरं सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी म्हणाले, "नसावं."

हे पत्र तुझ्या सुपाखाली ठेवून देणार आहे. तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच एवढं तरी लिहू शकले.