दाराबाहेरची पायरी

१२ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद आणि वर एक धपाटा. माझ्या तीन पत्रांना मिळून तुझं एक उत्तर, तेही पाठकोरं. ढगांकडे लक्ष ठेवायचा तुला पगार मिळतो, बहिणीकडे लक्ष ठेवायचा मिळत नाही, हे मला कळतं. तरी.

इथे सगळं ठीक. दवाखान्याच्या कपड्यांच्या खोलीत मी आणि शिलाई मशीन, दोघीच. मधून विरलेली चादर उभी कापायची, कडेचा धड भाग मधे आणून जोडायचा, की ती आणखी वर्षभर टिकते. दिवसभर कोणी बोलायला नसतं, त्यामुळे डोक्यात माझी गोष्ट चालू असते. आपल्या चर्चच्या मंडळीच्या मासिकात ती दर महिन्याला छापून येते आणि रविवारी मुलांना वाचून दाखवतात. दोन प्रकरणं सोबत पाठवते आहे. भाऊ-बहीण रस्त्याखालच्या कोरड्या पाइपातून रांगत धुक्याच्या देशात जातात. तिथला राजा धाकट्या भावाला, छोटूला, दिवा सांभाळायला देतो. धुक्यातले लोक त्याला छोटू न म्हणता साहेब म्हणतात, आणि तेवढ्यावर पठ्ठ्या राजाचा दिवा त्यांच्या हाती देऊन मोकळा होतो.

बाबा गेल्यापासून घर फार मोठं वाटतं. मी रेडिओ लावून ठेवते, ऐकत नाही. तू त्यांच्या मातीला आला नाहीस हे लोक अजून मला ऐकवतात, जसं काही मीच तुला कपाटात लपवलं होतं. मार्चअखेर तुझी तिथली मुदत संपते ना? आग्रह नाही, नुसतं विचारते आहे.

माया आहेच, ती कागदावरही उतरवत जावी.
तुझी ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. धपाटा पोचला. इथे इतकं धुकं आहे की तो कुठे बसला ते दिसलं नाही.

माझा दिनक्रम तोच. पांढऱ्या झडपांच्या पेटीतले थर्मामीटर वाचायचे, पाऊसमापक रिकामा करायचा, वारा मोजायच्या वाट्यांवरचा बर्फ ठोकून काढायचा आणि आत येऊन वायरलेसवर आकडे सांगायचे. पलीकडचा ऑपरेटर आकडे परत म्हणतो आणि बंद करतो. जोडीदार रजेवर खाली गेल्यापासून आकड्यांखेरीज मी कुणाशी काही बोललेलो नाही. परवा थर्मामीटरलाच म्हणालो, की बाबा रे, सांभाळून उतर.

तुझा छोटू म्हणजे मीच, हे लपवायचे थोडे तरी कष्ट घ्यायचेस. आपण टेबलावरून चादर सोडून खाली बसून वाचायचो, ती पुस्तकं आठवली. आपल्या आवडीच्या त्या गोष्टींत जादूच्या देशात कुणी एकटं जात नसे, भावंडं मिळूनच जात. असं का असावं? आणि छोटूचं पुढे काय होतं ते आधी कळव, मासिकाची वाट पाहायचा धीर नाही.

मुदतीचं म्हणशील तर आणखी पाच वर्षं इथेच काढावी असं मनात आहे. तिकडे येऊन लोकांना काय तोंड दाखवू?

आहे तसा गोड मानून घ्यावा.
तुझा बारक्या


१६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रश्नावर चादरी शिवता शिवता विचार केला. पहिलं कारण साधं आहे, एकट्याला भांडता येत नाही. त्या पुस्तकांत आईबापांना पहिल्या दोन पानांतच कुठेतरी धाडून दिलेलं असतं. मग एकजण खोटं बोलतो, एकजण रुसतो, मोठी सगळ्यांवर डाफरत त्यांना पुढे ओढते, आणि परतीच्या वाटेवर डोकी मोजावी लागतात.

दुसरं कारण पवित्र शास्त्रात, बायबलात सापडलं. काइनाने भावाला शेतात मारलं, तेव्हा देवाने त्याला विचारलं की तुझा भाऊ कुठे आहे. काइनाने हात झटकले, म्हणाला मी काय भावाचा राखणदार आहे. मला वाटतं, ते सगळे लेखक त्याच प्रश्नाचं जरा बरं उत्तर मुलांच्या तोंडी घालू बघत होते.

छोटूचं मात्र घोडं अडलंय. मासिक बघणाऱ्या आपल्या पाळकसाहेबांचं म्हणणं असं, की शेवटी बहीण राजाच्या घरात जावी आणि छोटू बाहेर राहावा. दिवा देऊन टाकला तरी काही बिघडत नाही, असं मुलांना वाटायला नको. माणूस वाईट नाही. बाबांच्या आजारपणात न चुकता यायचे, आणि बोलतात त्यात तथ्यही आहे. पण मी लिहायला बसते आणि दार लावून घेणारं वाक्य काही लिहवत नाही.

तुझ्या पाच वर्षांबद्दल वाचलं. त्या दिवशी सगळे अभ्रे उलटे शिवले आणि पुन्हा उसवले. बाकी काही म्हणत नाही.

मनात आणशील तेव्हा लिही, मी रोज पत्रपेटी उघडून बघते.
तुझी ताई


४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पाळकसाहेबांचं ऐक आणि छोटूला बाहेरच ठेव. त्याला धुक्याची सवय होईल, मला झाली तशी.

बाबांच्या आजाराचा निरोप आला तेव्हा बर्फाने रस्ता बंद आहे असं मी कळवलं, पण तो उघडा होता हे तुला ठाऊक आहे, तू कधी बोलली नाहीस. भांडून घर सोडलेलं, आता त्यांच्या खाटेपाशी उभं कसं राहायचं, या विचारात मी थांबलो आणि तोवर ते गेले. प्रार्थना करायला बसलो तर काय बोलावं सुचत नाही. समोर कोणी आहे की नाही याचीही खात्री वाटत नाही. तू आत जा आणि सुखात राहा. पाच वर्षांचा होकार या आठवड्यात कळवतो आहे.

राग नसावा. असला तरी पत्र बंद नसावं.
तुझा बारक्या


१७ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. शेवटचं प्रकरण लिहिलं. पाळकसाहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले की हे त्यांना छापता येणार नाही. मीही बदललं नाही. त्यामुळे मासिकात गोष्ट अर्धीच राहणार आणि शेवट फक्त तुला कळणार.

बहीण राजाच्या दारात पोचते. आत उजेड आहे, गाणी चालली आहेत, गरम जेवणाचा वास येतो. ती सांगते की माझा भाऊ मागून येतो आहे. दरवान म्हणतो की मागे तर कोणीच दिसत नाही. मग मीही आले नाही असं समजा, असं म्हणून ती बाहेर पायरीवर बसते. प्रेषित पौलाने लिहिलंय ना, की माझ्या भावांसाठी मी ख्रिस्तापासून तुटलो तरी चालेल. लहानपणी मला ते भलतंच वाटायचं. आता वाटत नाही.

थोड्या वेळाने राजा स्वतः उठून बाहेर येतो. दार उघडंच असतं. तो तिच्या अंगावर आपली शाल घालतो आणि शेजारी पायरीवर बसतो. म्हणतो की मीही मोजलं, एक कमी आहे. मग दोघं धुक्याकडे बघत बसतात. गोष्ट तिथेच थांबते. छोटू येतो की नाही ते मी लिहिलं नाही, ते माझ्या हातात नाही.

बारक्या, एकदाच स्पष्ट लिहिते. मला फार एकटं वाटतं. पाच वर्षं नको.

यापुढे काही सुचत नाही.
तुझी ताई


३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र आलं त्या दिवशी आकडे सांगून झाल्यावर मी ऑपरेटरला विचारलं, की एक गोष्ट ऐकतोस का. तो म्हणाला की नियमात बसत नाही, आणि ऐकत राहिला. मी पायरीपर्यंत वाचलं. मग त्याने विचारलं की तो आला का. मी वायरलेस बंद केला.

आज सकाळी पाच वर्षांचा होकार मागे घेतला. जोडीदार परत आला आहे, सामान बांधून झालं आहे. लोक बोलतील ते ऐकावं लागेल. बाबांच्या कबरीपाशी उभं राहावं लागेल. चर्चच्या दारात पाऊल टाकवेल असं अजून वाटत नाही, आणि तुझ्यासारखी श्रद्धा मी कुठून आणू, मला कळत नाही. पण तू तिथे थंडीत बसली आहेस हे मला सहन होत नाही.

आत येईनच असा शब्द देत नाही. पायरीपर्यंत येतो.
तुझा बारक्या