ती ताई मी नव्हे

प्रिय धाकट्या,

शेवटचं वर्ष अर्धवट सोडून तू माझ्याच कंपनीत लागतोयस, सोमवारी सही करणार, असं आईकडून कळलं. पगाराचा आकडा सांगताना मातोश्रींना नुसतं भरून आलं होतं. मी डिग्रीचं विचारलं, तर म्हणाली, अगं, तूच तर त्याला सोड म्हणालीस. मी तुला असं काहीच म्हणाले नव्हते.

तिथे मी नऊ वर्षं काढली. कपात आली की बिनडिग्रीची पोरं आधी घरी जातात, हे मी प्रत्येक नव्याला चहाच्या मशीनपाशी गाठून सांगायचे. त्यामुळे सगळं ऑफिस मला ताई म्हणायचं. गेल्या वर्षी साहेबांनी नव्यांना आणि येऊ पाहणाऱ्यांना फोनवर सल्ला देणारा प्रोग्रॅम बनवायला घेतला आणि त्याला बोलायला शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात मारलं. चेष्टा कधी करायची, कान कधी उपटायचा, सगळं जीव ओतून शिकवलं. त्याला नाव दिलं ताई, फोटो लावला माझा. तो तयार झाला आणि मला नारळ मिळाला. घरी सांगायची लाज वाटली रे. चार महिने तुला एक ओळ लिहिली नाही. तुझाही फोन नाही, तेव्हा वाटलं, स्वारी रुसली असेल.

काल आईने तुझ्या फोनवरच्या 'ताईशी' झालेल्या गप्पा कौतुकाने मला पाठवल्या. चार महिने तू बोलत होतास ते माझा फोटो लावलेल्या त्या प्रोग्रॅमशी. तुला बावळोबा म्हणणं माझंच, 'बरं का रे' माझंच. फक्त डिग्रीचं उलटं: आत्ताच ये, कागदाला कोण विचारतं. ते त्या ताईला कुणी शिकवलं, कोण जाणे. आणि शेवटी तिने विचारलंय, पायाचं दुखणं थांबलं का. तुझा पाय दुखतो हे मला माहीतच नव्हतं.

म्हणून हे हाताने लिहितेय, निदान अक्षर तरी ओळखशील. सही करू नकोस. सोमवारच्या आत मी येतेच आहे. तोवर एकच धास्ती आहे. पत्र वाचून तू आधी तिलाच विचारशील, ताई, हे तू पाठवलंस का? आणि ती लगेच, अगदी माझ्यासारखंच लाडाने, नाही म्हणेल.

तुझीच,
थोरली बहीण