बाबूने लावलेली बटणं

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डोकं तापलंय, अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे. आपल्या बाबूला मतिमंदांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात जागा नाकारली. मी दिवसभर शिवणवर्गात, आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून तर अर्ज केला होता. त्यांच्या कार्यालयातून तपासणीच्या बाई घरी यायच्या होत्या. आईने काय करावं? पस्तिशीच्या लेकाकडून आठवडाभर पत्ता घोकून घेतला. भांग पाडला, इस्त्रीचा शर्ट दिला. पाहुण्यांपुढे उभं करते तसंच. बाबूने बाईंना पाणी दिलं, बटणं लावून दाखवली. आई धन्य! बाईंनी शेरा मारला, मदतीची गरज नाही.

गॅस चालू ठेवून तो गच्चीत जाऊन बसतो, रस्त्यात गाडी दिसत नाही त्याला, यातलं आई अवाक्षर बोलली नाही. विचारलं तर मलाच म्हणते, परक्या बाईपुढे लेकाची उणीदुणी काढू?

लोभ असू दे, नाहीतर माझं भांडण व्हायचं कुणाशी तरी.
तुझी धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आईवर कशाला आग पाखडतेस? लोकांनी नाकं मुरडू नयेत म्हणून जन्मभर केलं तेच तिने केलं. चिडायचं तर त्या कार्यालयावर चीड. माणूस निकामी ठरवून दिला तरच दार उघडणार, ही कसली मदत? फेरतपासणी माग. आणि आईला त्या दिवशी स्वयंपाकघरात बसव!

आईला नमस्कार, बाबूला पापा. जीव जाळू नकोस.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

आई कुठली ऐकते! बाहेरच बसली, हात मांडीखाली दाबून. बाबूला बजावलं होतं, आज काही करून दाखवायचं नाही. पण बाई दिसताच त्याने शर्ट काढला, पुन्हा घातला आणि सगळी बटणं लावली. एकही चुकलं नाही. मागच्या वेळी आपण नापास झालो असं वाटून आरशापुढे रोज सराव करत होता गं.

बाईंनी पेन उचललं. तेव्हा आई बोलली, “बटणं त्याची तो लावेल. मी नसताना गॅस कोण बंद करेल, ते लिहा.” मग गॅस, रस्ता, सगळं सांगितलं. त्याच्यासमोर.

जागा मिळाली. सोमवारपासून जाईल.

बाई गेल्यावर आईने बाबूची माफी मागितली. त्याने तिलाच पाणी आणून दिलं आणि विचारलं, आता पास ना?

माफी मागायची कुणी, ताई, आणि मागतंय कोण?

माया आहे तशीच राहू दे.
तुझी धाकटी